कितपतबाई

आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर ते कोणी वापरत नसे. तिथे त्या सगळ्यांच्या कितपतबाई. त्यांच्या फॉर्मवरचा प्रत्येक प्रश्न सारखाच सुरू होई: ‘गेल्या सात दिवसांत तुम्हाला कितपत...’ कितपत थकवा आला, कितपत मळमळलं, कितपत झोप लागली. असे तीस प्रश्न आणि उत्तरं चारच: मुळीच नाही, थोडं, बरंच, फार.

तिथे कर्करोगावरच्या एका नव्या गोळीचा अभ्यास चालू होता. ही गोळी आजार मुळापासून उपटणारी नव्हती. मधुमेहाच्या गोळीसारखी रोज घ्यायची, वर्षानुवर्षं घ्यायची, आणि आजाराला अंगणातच बसवून ठेवायचं, घरात शिरू द्यायचं नाही, असा तिचा बेत. जन्माची सोबतीण करायची म्हटल्यावर तिचा स्वभाव नको का बघायला? म्हणून गाठ किती घटली याइतकंच, गोळी घेणारा माणूस दिवस कसा काढतो यालाही महत्त्व होतं. ते विचारायचं काम कितपतबाईंचं.

त्याआधी वीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. ‘नंबर प्लीज’ म्हणताना त्यांचा आवाज कधी चढला नाही की उतरला नाही. पुढे यंत्रं आली आणि माणसं घरी गेली. पण बाई घरी बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. तिथल्या अशा सगळ्या अभ्यासांच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, मुलाखतीत त्यांना एक पान वाचायला दिलं. बाईंनी ते असं वाचलं की त्यांचं स्वतःचं मत काय, याचा कोणाला पत्ता लागेना. ‘‘उद्यापासून या,’’ मॅडम म्हणाल्या. त्याला नऊ वर्षं झाली.

कामाचे नियम दोन. प्रश्न छापलाय तसा वाचायचा, सोपा करायचा नाही, उदाहरण द्यायचं नाही, मान डोलवायची नाही. आणि लिहिलेलं खोडायचं नाही. चूक झालीच तर तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा शब्द वाचता येईल अशी. शेजारी बरोबर शब्द, सही आणि तारीख. नऊ वर्षांत बाईंच्या कागदांवर अशी रेघ एकही नव्हती. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. एक सवय मात्र त्यांची स्वतःची होती. माणूस चार उत्तरांपलीकडे जे बोले, ते त्या समासात बारीक अक्षरात टिपून ठेवत. आकडेमोड करणारे समास वाचत नाहीत हे ठाऊक असूनही.

या गोळीच्या एक्केचाळीस रुग्णांत एकतिसावे होते बाइंडरदादा. चाळीस वर्षं पुस्तकं शिवलेला माणूस. कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवला की किती पानं सुटली, ते न बघता सांगणारा. पहिल्याच भेटीत त्यांनी बाईंची नोंदवही उचलून नाक मुरडलं होतं.

‘‘बाई, हे वहीचं लक्तर कुठून आणलंत? माणसांच्या जिवाच्या गोष्टी लिहिता आणि शिवण बघा, दात पडल्यासारखी!’’

‘‘दादा, ती सरकारी वही आहे. तिला नावं ठेवायची सोय नाही.’’

‘‘थांबा. मीच बांधून देतो.’’

चौथ्या भेटीला त्यांनी ती आणली. निळ्या कापडी पाठीची, कोपऱ्यांना चामडं, आणि प्रत्येक पानावर शिक्क्यानं मारलेला क्रमांक. आधी फॉर्म भरून झाला. चौदावा प्रश्न आला, ‘गेल्या सात दिवसांत तुम्हाला कितपत बधिरता जाणवली?’ दादा नेहमीप्रमाणे म्हणाले, मुळीच नाही. मग बाईंनी वही हातात घेतली आणि रक्त तपासून येईपर्यंत पान न् पान उलटून पाहिलं. कोरी वही तपासल्याशिवाय वापरायची नाही, हा त्यांचा खाक्या. दुसरी कोणी असती तर पहिलं पान बघून ‘छान’ म्हणाली असती आणि ही गोष्ट घडलीच नसती.

‘‘दादा, राग मानू नका हं. शेहेचाळीसनंतर दोन पानांवर आकडाच नाही.’’

‘‘छे! माझ्या हातून?’’

‘‘आणि एकशे बारानंतर. आणि इथेही. सात ठिकाणी आहे.’’

शिक्का मारताना एकाऐवजी दोन पानं उलटली गेली होती. दादांनी वही घेतली आणि कडेवर अंगठा ठेवला.

‘‘एक पान आणि दोन पानं आता सारखीच लागतात,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘तीन महिने झाले. हातांवर कोणी जाड मोजे चढवलेत असं वाटतं. मुंग्या येतात त्या जायचं नावच घेत नाहीत. शर्टाची बटणंसुद्धा बायको लावून देते. म्हणते, लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि आता लाड करून घेताय.’’

‘‘अहो, पण मी आत्ताच विचारलं ना? बधिरता जाणवते का म्हणून?’’

‘‘मग नाहीच जाणवत. कान ठणठणीत आहेत माझे! तुम्ही दर खेपेला तेच विचारता, तेव्हा मला वाटलं, या गोळीनं लोक बहिरे होत असतील बिचारे.’’

बाईंना हसू आलं आणि ते ओठांवरच थिजलं.

‘‘मुंग्यांचं डॉक्टरांना का नाही सांगितलंत?’’

‘‘ते विचारतात, कसं काय? मी म्हणतो, बरं आहे. गाठ निम्मी झालीय, बाई! मुंग्यांचं रडगाणं गायलो आणि गोळीच बंद केलीत तर?’’

दादा गेल्यावर बाईंनी कपाट उघडलं. एक्केचाळीस जणांचे सगळे फॉर्म काढले आणि फक्त चौदावा प्रश्न बघत गेल्या. मुळीच नाही, मुळीच नाही, मुळीच नाही. आणि समासात, त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात: आठव्या रुग्णाच्या फॉर्मवर, ‘ऐकायला उत्तम येतं म्हणतात.’ एकोणिसाव्याच्या, ‘डावा कान लहानपणापासून अधू, नवीन काही नाही.’ सत्ताविसाव्या बाईंच्या, ‘सासरे बहिरे, या नाहीत.’ काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो याहून वेगळा काय असणार! त्यांनी अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं होतं, आणि वाटलं होतं, माणसं किती पाल्हाळ लावतात.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. येत्या गुरुवारी समिती बसणार होती. पुढच्या साठ रुग्णांना गोळी दीडपट द्यायची का, हे ती ठरवणार होती आणि त्यासाठी कागदावर भक्कम आधार होता: बधिरता, शून्य. ते शून्य बाईंनी एक्केचाळीस जणांच्या नावापुढे लिहून दिलं होतं.

तरी त्यांनी घाई केली नाही. संध्याकाळी घरी, भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंसमोर त्या जाऊन बसल्या. सासूबाईंचं वय अठ्ठ्याऐंशी.

‘‘आई, तुम्हाला बधिरता जाणवते का?’’

‘‘काय?’’

‘‘बधिरता!’’

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. ‘‘आता या वयात सून मला बहिरी म्हणणार? तूच पुटपुटतेस!’’ मग मुलाकडे वळून, ‘‘ऐकलंस का रे?’’

‘‘मी काहीच ऐकलं नाही,’’ यजमान पेपरामागून म्हणाले. ‘‘मलाही बधिरता आहे.’’

बाईंना हवं ते मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खालच्या मजल्यावर मधुमेहाच्या विभागात गेल्या. तिथली सिस्टर त्यांची जुनी मैत्रीण.

‘‘पायांच्या नसा बिघडल्यात का, हे तू पेशंटला कसं विचारतेस गं?’’

‘‘पायातली चप्पल निसटली तर कळतं का, असं. मुंग्या येतात का, कापसावर चालल्यासारखं वाटतं का. का गं?’’

‘‘आमच्या फॉर्ममध्ये ‘बधिरता’ आहे.’’

‘‘अगं बाई! असं मी विचारलं तर म्हणतील, सिस्टर कवितेत बोलायला लागल्या.’’

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, समासातली तीन वाक्यं स्वतः वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘फॉर्म मध्येच बदलता येत नाही, बाई. एका शब्दाला तीन महिने लागतात.’’

‘‘फॉर्म नका बदलू. उत्तरंही नाही बदलायची. विचारलं त्याचं खरं उत्तर त्यांनी दिलंय. आपण विचारलं भलतंच.’’

‘‘समिती तुम्हाला समोर बोलावेल. इतके दिवस लक्षात कसं आलं नाही म्हणून नऊ वर्षांच्या कामावर बोट ठेवतील.’’

‘‘ठेवू देत की. ज्यांची बोटं शाबूत आहेत, त्यांनीच ठेवावं.’’

मॅडमनी चष्मा परत चढवला. मग टेबलावरचा फोन त्यांनी बाईंच्या बाजूला सरकवला. ‘‘डॉक्टर म्हणून मी माझ्या रुग्णाला त्याचा त्रास केव्हाही विचारू शकते. माझ्यासमोर बसा आणि माझ्या वतीनं विचारा. मी प्रत्येक नोंदीवर सही करते.’’

दोन दिवस बाई फोनवर होत्या. एक्स्चेंजमधला हात विसरला नव्हता. एक नंबर लागेना तर लगेच दुसरा. तीन साधे प्रश्न: मुंग्या येतात का? मोजे घातल्यासारखं वाटतं का? चप्पल निसटली तर कळतं का? आणि माणसं बोलायला लागली, जणू इतके दिवस कोणी दाराची कडीच काढली नव्हती. एक मास्तर म्हणाले, खडू हातातून कधी पडतो ते मुलं हसल्यावर कळतं. एक बाई म्हणाल्या, ‘‘कप फुटतात हो. नवरा म्हणतो, नवी कपबशी हवी म्हणून फोडतेस!’’ आणि जवळजवळ प्रत्येकानं शेवटी तोच प्रश्न केला, आता गोळी बंद करणार का?

‘‘ते मी ठरवत नाही,’’ बाई सगळ्यांना सांगत होत्या. ‘‘पण ठरवणाऱ्यांना खरं कळलं नाही, तर ते चुकीचंच ठरवतील. तुम्ही खरं सांगा. पुढचं मॅडम तुमच्याशी बोलतील.’’

एक्केचाळीसपैकी अडतीस जण फोनवर भेटले. त्यांतल्या तेवीस जणांना त्रास होता.

गुरुवारी समितीच्या खोलीत लांबलचक टेबल, सात माणसं आणि पाण्याचे सात ग्लास. टोकाला बसलेले, सगळ्यांत ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, ‘‘नऊ वर्षं हे काम करता. इतकी उघड गोष्ट तुमच्या लक्षात आली नाही?’’

‘‘नाही आली,’’ बाई म्हणाल्या. ‘‘लिहून घेतलं, पण ऐकलं नाही. हे बघा, माझंच अक्षर.’’ आणि समासातली वाक्यं त्यांनी त्याच जुन्या आवाजात वाचली, ना चढ ना उतार. ‘सासरे बहिरे, या नाहीत’ला दोघं हसले. मग बाईंनी न थांबता फोनवरच्या तेवीस नोंदी वाचल्या. खडू, कप, बटणं, कात्री, चप्पल. बाविसाव्या नोंदीपर्यंत खोलीत कोणी ग्लासही उचलला नव्हता. तेविसावी बाइंडरदादांची होती. ती वाचून त्यांनी निळी वही टेबलावर उघडून ठेवली, पान शेहेचाळीस, आणि त्यानंतरची बिनआकड्याची पानं दाखवली.

‘‘या माणसानं चाळीस वर्षांत पान चुकवलेलं नाही,’’ एवढंच त्या म्हणाल्या.

ज्येष्ठ डॉक्टरांनी वही जवळ ओढली, पानांवरून अंगठा फिरवला, परत एकदा फिरवला. ‘‘दीडपटीचा विषय आज नको,’’ ते म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. जे ठरलं ते बाईंनी बाहेर येऊन मॅडमकडून नीट लिहून घेतलं: मात्रा वाढवायची नाही. त्रास असलेल्यांची मात्रा उतरवून बघायची. प्रत्येक भेटीला हातापायांच्या नसांची तपासणी. आणि चौदावा प्रश्न नव्यानं, दहा रुग्णांना आधी वाचून दाखवून, त्यांना काय कळलं ते विचारून.

हे दहा रुग्ण बसले तेव्हा बाईही बसल्या. कोणीतरी ‘संवेदनहीनता’ सुचवलं. ‘‘म्हणजे निर्दयपणा ना?’’ एक आजी म्हणाल्या आणि तो शब्द तिथेच निकालात निघाला.

पाच महिन्यांनी नवे फॉर्म छापून आले, त्या दिवशी पहिली पाळी बाइंडरदादांची होती. त्यांची मात्रा एक तृतीयांशानं उतरवली होती. गाठ जिथे होती तिथेच होती, इंचभरही पुढे सरकलेली नव्हती. मुंग्या मनगटावरून बोटांच्या टोकांपर्यंत मागे हटल्या होत्या. टोकांवर मात्र अजून ठाण मांडून होत्या.

‘‘वही द्या परत,’’ ते आल्या आल्या म्हणाले. ‘‘हातचं असलं काम मी मागे ठेवत नाही.’’

‘‘मिळणार नाही. ती आता सरकारी झाली.’’ बाईंनी त्यांच्यासमोर वही धरली. ‘‘डोळे मिटा. हं, किती पानं?’’

दादांनी अंगठा आणि बोट चोळलं. ‘‘एक.’’ मग थांबून, ‘‘नाही. दोन.’’

दोनच होती. दादांनी डोळे उघडले आणि त्यांची नजर पानाच्या माथ्यावर गेली. बाईंनी सकाळी तिथे नव्या रकान्याचं नाव लिहिलं होतं. सवयीनं ‘बधिरता’ लिहून गेल्या होत्या. मग त्यावर एक सरळ रेघ, शेजारी ‘मुंग्या, मोजे घातल्यासारखं वाटणं’, सही आणि तारीख.

‘‘काय हे बाई! माझ्या वहीत खाडाखोड?’’

‘‘खाडाखोड नव्हे, दुरुस्ती. नीट बघा, खालचा शब्दही वाचता येतोय.’’

‘‘कुठला शब्द?’’

‘‘बधिरता.’’

दादांनी कानामागे हात धरला. ‘‘काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला!’’

बाईंनी हसू आवरलं, खुर्ची सरळ केली आणि फॉर्म पुढे ओढला.

‘‘गेल्या सात दिवसांत तुम्हाला कितपत...’’