संत्रं ठेवणाऱ्या आजी

आखातात फुटबॉलच्या वर्ल्डकपसाठी स्टेडियम उभी राहत होती तेव्हा मदिनत खलीफातल्या आमच्या कंपाउंडमध्ये सगळ्यांनी मिळून भाजी पिकवायचं ठरलं. चिनी शेजाऱ्यांना त्यात ओढायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. त्यांना बोलावून भूमिपूजन केलं, भाषण ठोकलं, तांदळाच्या राशीत उदबत्त्या खोचल्या. सगळे गुपचूप निघून गेले.

"अहो, तुमच्या भाषणाला घाबरले असतील," बायको म्हणाली.

त्यांच्यातल्या एक आजी तेवढ्या रोज संध्याकाळी यायच्या. हात पाठीमागे बांधून, पावलांचा आवाज न करता. उदबत्त्यांच्या जागी सोललेलं संत्रं ठेवायच्या, मातीशी कुजबुजायच्या आणि मान कलती करून ऐकत राहायच्या.

एकदा त्यांनी मोबाइल पुढे केला. तो हिंदीत बोलला, "यहाँ आपका कौन दफ़न है?"

तांदळात उभ्या उदबत्त्या त्यांच्याकडे मृतांसाठी लावतात, हे मला तेव्हा कळलं. म्हणून बाकीचे फिरकत नव्हते.

"कोई नहीं," मी घाईनं म्हणालो.

आजी हसल्या नाहीत. मोबाइल पुन्हा बोलला, "कोई है. घर जाना चाहता है."

दुसऱ्या संध्याकाळी त्या चिनी कुटुंबांना घेऊन आल्या. वाफे मागण्याआधी सगळे त्या जागेपुढे वाकले. मीही वाकलो, आणि खरं सांगतो, थोडा वेळ कानही दिला.