बुधवारचं न्हाणं

माझी नात अंकिता मेंदूची डॉक्टर हाय, पण गोळी देत न्हाई. डोक्यात बारीक वीज चालती म्हणं, ती मशीनवर उतरवून घेती. म्हातारपणी माणूस विसरायला कशानं लागतं, ते तिला हुडकायचंय. तिच्या बरोबरीच्यांची पोरं कालेजात गेली, हिचं शिक्षण अजून संपंना.

औंदा पुण्याला कायमची नोकरी मिळायची होती. पण साहेब म्हणाले, शहरातल्या बायांचे आलेख झाले, आता खेड्यातल्या धडधाकट म्हाताऱ्यांचे आणा, मगच बघू. मशीन मागून आणलेलं, संध्याकाळी परत द्यायचं.

आमच्या राहू गावात निरोप मीच फिरवला. डोकं तपासायचंय, नीटनेटक्या या. बाया नीटनेटक्याच आल्या. देवळात बसल्या तवा एकेकीच्या डोक्यावर खोबरेल तेल चोपडलेलं. अंकिताचं तोंड उतरलं. तेलावर मशीनच्या तारा धरत न्हाईत, डोकी धुऊन या म्हणाली.

कुणी हललं न्हाई. बुधवार होता. बुधवारी बाई डोक्यावरनं न्हाली की भावाला वाईट, एवढं तिला त्या शाळेत शिकवलं नव्हतं. तिनं वीज, शिरा, रक्त सगळं समजावलं. बायांनी माना डोलावल्या, पण पदर काही खाली घेतला न्हाई.

शेवटी शेजारची भामाबाई उठली. तिचा भाऊ मरायच्या आधी तिलाच विचारायचा, ही बाई कुणाची म्हणून.

"माझ्या भावाचं आता काय वाईट व्हायचंय? ओत पोरी पाणी," ती म्हणाली.

मग बाकीच्यांनी तोड काढली. ज्यांचे भाऊ होते त्यांनी फोन लावले. सिंधूबाईनं पाबळच्या भावाला बजावलं, "दादा, मी न्हाते हाय. आज मोटरसायकलला हात लावू नको, आन् विहिरीकडं फिरकू नको." सत्तरीच्या दादानं बरं म्हणलं. त्या दिवशी लांबलांबच्या गावातले म्हातारे घरात बसून होते.

देवळामागच्या नळावर अंकितानं शांपूच्या पुड्या फोडून एकेकीचं डोकं स्वतः चोळलं. सगळ्यांचे आलेख निघाले. पुढं नोकरीबी झाली. बाया स्वखुशीनं आल्या, असं तिनं साहेबांना लिहून दिलं. भावांचं काही लिहिलं न्हाई.

त्या दिवशी डोकी धुताना पाणी उडून तिचेबी केस भिजले होते. मशीन गाडीत चढल्यावर ती आडोशाला गेली आन् स्वराजला, कारेगावच्या कंपनीतल्या तिच्या भावाला, फोन लावला. जेवलास का, गाडी हळू चालव, असं कवा न्हाई ते बोलली. तो म्हणाला, आज सुट्टी हाय, खोलीवरच हाय.

"मग खोलीवरच थांब," ती म्हणाली.