पापडखाराचा सूर्य

कर्वेनगरातल्या त्या बालवाडीत द्वारकाबाई नऊ वर्षं झाडू मारत होत्या, मुलांची नाकं पुसत होत्या आणि त्यांच्या खेळासाठी माती करून देत होत्या. माती कसली, कणीकच ती! मैदा, मूठभर मीठ, चमचाभर तेल. रंगाला कधी बीट, कधी पालक. दुकानातली रंगीत माती चार दिवसांत वाळून दगड होई, ही आठवडाभर मऊ राही. आणि खारट इतकी, की एकदा चाटलेलं पोर पुन्हा जीभ लावत नसे.

पण त्या कणकेचा तास घ्यायचा तो शिकवणाऱ्या ताईंनी. आपलाही एखादा तास असावा, असं द्वारकाबाईंना फार वाटे. शेवटी धीर करून त्यांनी मुख्याध्यापिका सुनीतीबाईंना विचारलं. बाई पडल्या नारायण पेठेतल्या.

"या शुक्रवारी घ्या. मी मागे बसते. जमलं तर दर शुक्रवार तुमचा. नाही तर झाडू कुठे पळून जात नाही."

शुक्रवारी सकाळी द्वारकाबाईंनी घरी पांढरी कणीक जरा जास्तच मन लावून मळली, आणि तिथेच घात झाला. बार्शीकडचा हात तो, जन्मभर पापडाचं पीठ मळलेला. सवयीनं त्यात चिमटीभर पापडखार पडला.

वर्गात वीस मुलं गोल करून बसली.

"आज आपन सूर्य करायचा. पिवळाधमक!" असं म्हणत द्वारकाबाईंनी गोळ्यावर हळद घातली आणि मळायला घेतलं. बघता बघता गोळा लाल झाला.

"मावशी, हा तर टोमॅटो!" अर्णव ओरडला. वर्ग खिदळला. सुनीतीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. द्वारकाबाईंना रडूच यायचं बाकी होतं. सकाळी सवयीनं पडलेली ती चिमूट आता त्यांना आठवली. नऊ वर्षांनी मिळालेला तास पापडखारानं खाल्ला!

तेवढ्यात त्यांना नवऱ्याचा सदरा आठवला. उत्तरेश्वर जेवताना हमखास आमटी सांडायचा. त्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल व्हायचा आणि लिंबू चोळलं की पुन्हा पिवळा. त्यांनी आपला डबा उघडला आणि पोह्यांवरची लिंबाची फोड उचलली.

"टोमॅटो नाही रे, सूर्य अजून झोपेत हाय. उठवायचा का त्याला?"

लिंबू पिळलं, मळलं. लाल गोळा पिवळा झाला. उरलेल्या कणकेत हळद मळून त्यांनी मुलांनाही लाल गोळे वाटले.

मग काय विचारता! "मला लिंबू, मला लिंबू!" एक फोड वीस जणांना कशी पुरणार? एरवी कोपऱ्यातून न हलणारी वल्लरीसुद्धा गोळा घेऊन पुढे आली. तेव्हा मागच्या खुर्चीवरून सुनीतीबाई उठल्या, आपल्या डब्यातली फोड त्यांनी वल्लरीच्या हातावर ठेवली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसल्या.

तास संपल्यावर द्वारकाबाईंनी खरं काय ते सांगून टाकलं. "बाई, ते चुकून झालं."

"दिसलं मला," सुनीतीबाई म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी काय चुकणार आहे ते आदल्या दिवशी सांगा. मंडईतून लिंबं मी आणीन."