यॉर्कशायरच्या खासदारबाई आणि कळंबचा बॅनर

मला आधी एक सांगा, विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवावा? जो 'झालंच समजा' म्हणतो त्याच्यावर, की जो 'बघतो, पण सांगता यायचं नाही' म्हणतो त्याच्यावर?

कळंबच्या मोंढ्यात माझं अडतीचं दुकान आहे. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. अडत्याच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साचतात. पोत्यातून सांडलेलं धान्य आणि माणसांच्या तोंडून सांडलेले किस्से. धान्य संध्याकाळी झाडून घेता येतं. किस्से तिथंच पडून राहतात आणि बघता बघता त्यांची रास होते. अलीकडची सगळी रास एकाच मालाची आहे, ती म्हणजे आमच्या मंडळीचा व्हिसा.

झालं असं, की आमची धाकटी सुषमा नवऱ्याबरोबर इंग्लंडात राहते. यॉर्कशायर म्हणून भाग आहे, तिथं. पहिलटकरीण. सासू नाही, तिकडं नात्याचं कुणी नाही. तेव्हा बाळंतपणाला आईनंच जायचं ठरलं. मंडळीनं डिंक, मेथ्या, बाळंतशेपा सगळं बांधून ठेवलं, आणि व्हिसाचं उत्तरच येईना. पोरीचे दिवस भरत चाललेले. मंडळी माझ्याशी बोलेनाशी झाली, जसं काही इंग्लंडचं सरकार मीच चालवतो.

मग काय, सगळी गादी कामाला लागली. गादी म्हणजे आमच्या दुकानात रोज बसणारे तिघं. माजी सरपंच बळीनाना, हमालांचे मुकादम हमीदचाचा आणि पेन्शनीतले गुरुनाथ मास्तर.

* * *

नाना कसा माणूस आहे ते एका निकालावरून सांगतो.

एका निवडणुकीत नानानं आपला उमेदवार आलाच असं धरून तेरखेड्याहून टेम्पोभर फटाके आणले. मतमोजणी सुरू झाली. पहिल्या फेरीत नानाचा माणूस पुढं, म्हणून टेम्पो त्याच्या कार्यालयापुढं लावला. दुसऱ्या फेरीत तो मागं पडला, तसा नानानं ड्रायव्हरला गाडी जरा सावलीला घ्यायला सांगितलं. सावली नेमकी दुसऱ्या पक्षाच्या कार्यालयापुढं होती. पुढच्या फेरीला ऊन वाढलं म्हणून पुन्हा इकडं. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी ड्रायव्हरच कंटाळला आणि म्हणाला, सरपंच, मधल्या चौकात लावतो, जो येईल तो येऊन घेऊन जाईल.

नानाचा माणूस पडला. नानानं सगळे फटाके जिंकलेल्याच्या मिरवणुकीत उडवले, वर गुलाल खेळून घरी आला. मास्तरांनी छेडलंच. तर नाना गॉगल पुसत म्हणाला, "मास्तर, फटाक्याला पक्ष नसतो. दमट झाला की वाया जातो."

असा माणूस पाठीशी असल्यावर काम अडतं कशाला, असं मला वाटलं.

* * *

नानानं मला साहेबांच्या संपर्क कार्यालयात नेलं. कुठले साहेब ते विचारू नका. आपल्याकडं निवडून आलेला जो तो साहेबच असतो.

साहेब दौऱ्यावर होते. ते नेहमीच असतात. पीए मात्र लई गोड माणूस. चहा पाजला, पोरीची चौकशी केली, आणि माझं सांगून व्हायच्या आधीच 'झालंच समजा' म्हणाला. मग ऑपरेटरला हाक मारून साहेबांचं शिफारसपत्र काढायला सांगितलं. या कार्यालयातून रोज पत्रं जातात. सातबाऱ्याची, विहिरीची, दाखल्याची. मजकूर कॉम्प्युटरात तयारच असतो, नाव आणि गाव तेवढं बदलायचं. पत्र निघालं, शिक्का बसला, नानानं मान डोलावली.

दुकानी आल्यावर मास्तरांनी चष्मा लावून पत्र मोठ्यानं वाचलं. पहिलीच ओळ होती, 'मा. तहसीलदार साहेब, यॉर्कशायर.' मधे लिहिलं होतं, की सदर महिला माझ्या मतदारसंघातील असून होतकरू आहे. आणि खाली, 'प्रत माहितीस्तव, मंडळ अधिकारी.'

मास्तर हसून हसून खोकायला लागले. नानाला राग आला. त्यानं तिथल्या तिथं पीएला फोन लावला. पीए अजिबात गडबडला नाही. तिकडं तहसीलदाराला जे काही म्हणत असतील, त्यांचं त्यांनी समजून घ्यावं, असं त्याचं म्हणणं पडलं.

पत्र सुषमाला व्हॉट्सॲप केलं. ती म्हणाली, आप्पा, हे कुठं जोडू नका, नाहीतर आईबरोबर मलाही परत पाठवतील.

* * *

मग तिनं सांगितलं, की ती तिथल्या खासदाराला भेटून येते. तिकडं खासदार ठरल्या शनिवारी गावातल्या लायब्ररीत येऊन बसतो. वेळ घ्यायची, आपला नंबर आला की समोर खुर्चीवर बसायचं, बोलायचं. मधे पीए नाही, बाहेर चपलांचा ढीग नाही.

गादीला हे पटेना. ती भेटून आल्यावर फोनवर हमीदचाचानं पहिला प्रश्न विचारला, "पिच्छे गाड्यां कित्ते थे?"

गाडी नव्हती. माणूस सायकलीवर आला होता.

चाचानं हातातला हूक पोत्यात अडकवून ठेवला आणि म्हणाला, "फिर काम नै होता, बेटी."

आणि चाचाचं खरं झालं! त्या खासदारानं सुषमाचं सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, आणि शेवटी पत्ता विचारला. पत्ता ऐकून त्यानं पेन खाली ठेवलं. तिकडं मतदारसंघाच्या हद्दी नव्यानं आखल्यात, आणि हद्द नेमकी सुषमाच्या रस्त्याच्या मधून जाते. समोरची दारं त्याची. सुषमाचं दार दुसऱ्या खासदाराचं. तो उभा राहिला, माफी मागितली, आणि म्हणाला, तुमच्या खासदारबाई आहेत, त्यांचं काम मला करता येत नाही, तसा रिवाज आहे.

नानाला हे समजेना. मास्तरांनी समजावून बघितलं, की नाना, ईट गाव आपल्या आमदाराच्या हद्दीत येत नाही, मग आपला आमदार ईटचं काम करतो का?

नाना म्हणाला, "करतो की. दुसऱ्याच्या हद्दीतलं आधी करतो. आपल्या हद्दीतले जातात कुठं?"

* * *

दुसऱ्या शनिवारी सुषमा खासदारबाईंकडं गेली. मंडळीनं फोनवरून बजावलं होतं, की हार नारळ घेऊन जा, रिकाम्या हातानं जाऊ नको. सुषमा रिकाम्या हातानंच गेली.

बाईंनी विचारलं, आई येणं एवढं गरजेचं का आहे? सुषमानं शेकशेगडी सांगितली, अंगाची मालिश सांगितली, सव्वा महिना बाळंतिणीनं गार पाण्यात हात घालायचा नाही हे सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, त्यांच्या पहिल्या वेळी त्यांची आई समुद्रकाठच्या गावाहून रेल्वेनं आली होती आणि आल्या आल्या तिनं आधी सगळे पडदे धुवून काढले होते. दोघी हसल्या. पण पुढं बाई जे बोलल्या, त्यानं आमच्या गादीवर सुतक पडलं.

त्या म्हणाल्या, "लवकर उत्तर द्या, असं मी त्यांना लिहीन. काय उत्तर द्या, हे मला सांगता येत नाही. तेव्हा खात्री धरू नका."

नाना उठून उभाच राहिला. "मग निवडून कशाला आली?"

माझी धंद्यात इतकी वर्षं गेली. 'खात्री धरू नका' म्हणणारा व्यापारी मी पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर त्याच्याशी सौदा केला नसता. त्या दिवशी घरी जेवताना मंडळीनं विचारलं, की बाई काय म्हणाल्या. मी म्हणालो, बघते म्हणाल्या. तिनं डिंकाच्या डब्याचं झाकण पुन्हा एकदा घट्ट लावलं आणि ताट न वाढता आत गेली.

* * *

पुढच्याच आठवड्यात व्हिसा आला.

मी मंडळीला सांगायला घरात गेलो आणि तेवढ्या वेळात नानानं चौक गाठला. दुपारपर्यंत बॅनर लागला. वर साहेबांचा फोटो हात जोडलेला, बाजूला नानाचा गॉगल लावलेला, आणि मधोमध आमच्या मंडळीचा, पुतण्याच्या लग्नातला, डोक्यावर पदर, गळ्यात हार. खाली ठळक अक्षरात, 'व्हिसा मिळवून दिल्याबद्दल मा. साहेबांचे जाहीर आभार.' शुभेच्छुक म्हणून माझं नाव. मला न विचारता.

आता आमच्या चौकात बाईचा फोटो दोनच वेळा लागतो. उभी राहिली तर, नाहीतर गेली तर. आणि खालची अक्षरं एसटीच्या खिडकीतून कोण वाचतो?

संध्याकाळी आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघं शेतकरी दुकानात आले. टोप्या काढून गादीच्या कडेला बसले. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसरा खाली बघत म्हणाला, की आप्पा, माणूस लई मोठ्या मनाचं होतं, आमच्या घरातल्यांना कधी चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं न्हाय.

दुकानामागंच आमचं घर आहे. तेवढ्यात मागचं दार ढकलून मंडळी चहाचा ट्रे घेऊन आली.

त्यातला एकजण आजही आमच्याकडं चहा घ्यायचा म्हटला, की आधी कपाकडं बघतो आणि मग देणाऱ्याकडं.

* * *

मंडळी गेली. विमानातून उतरली त्याच आठवड्यात नात झाली. सगळं सुखरूप. आणि बारशाच्या आधी तिकडं निवडणूक लागली.

पुढचं मला सुषमानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं. गादीवर तिघंही होते, कान टवकारून.

दुपारची वेळ. पाऊस पडत होता. बेल वाजली. सुषमा वर बाळाला घेऊन होती, म्हणून मंडळीनं दार उघडलं. दारात एक बाई. अंगावर भिजलेला रेनकोट, छातीला पक्षाच्या रंगाचं कापडी फूल, हातात पत्रकं. मागं गाडी नाही, घोषणा नाही. एक कार्यकर्ता फाटकापाशी छत्री धरून उभा. मंडळीला इंग्रजी येत नाही. पण दारात भिजलेली बाई उभी असल्यावर काय करायचं ते येतं. तिनं तिचा हात धरला, आत आणलं, सोफ्यावर बसवलं आणि टॉवेल दिला.

सुषमा खाली येऊन बघते तर खासदारबाईंच्या कपाळावर विभूती, त्याखाली हळदीकुंकू, आणि तिची आई रेनकोटाच्या दोन टोकांत तांदूळ घालतेय. वर नारळ आणि सुषमासाठी नेलेला खण. बाई टोकं धरून अवघडून बसलेल्या, पण उठल्या नाहीत.

सुषमानं आईला सांगितलं, की या त्याच. मग बाईंना सांगितलं, की आमच्यात ओटी भरतात. तुम्ही व्हिसाचं काम केलं, आई आली, आमचं सगळं नीट झालं.

हे ऐकल्यावर बाईंचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, "मग हे मी घेणं बरोबर नाही. मी पत्र लिहिलं, पण ते पोचायच्या आधीच तुमचा निर्णय झाला होता. तारीख मी नंतर बघितली. मी काही केलेलं नाही."

मत मागायला आलेली बाई, मतदाराच्या घरात बसून, हे बोलत होती.

सुषमानं आईला मराठीत सगळं जसंच्या तसं सांगितलं. मंडळीनं डब्यातून आणखी एक मूठ तांदूळ घेतले आणि रेनकोटात घातले.

म्हणाली, "तिला सांग, काम केलंस म्हणून न्हाय भरली ओटी. बाळंतिणीच्या दारात आलीस म्हणून भरली. आन् म्या केलं न्हाय म्हणालीस, त्याची ही वरची मूठ."

बाई तशाच, कपाळाला कुंकू, रेनकोटात नारळ, पुढच्या दाराला गेल्या.

फोन ठेवला. हमीदचाचानं नुसतं 'या अल्लाह' म्हटलं. मग नानानं मला विचारलं, आप्पा, चौकातला बॅनर उतरवू का राहू देऊ?

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हीच बघा. व्हिसा कुणाच्या खात्यावर टाकायचा तो टाका. फक्त जमा असेल ते जमा आणि नावे असेल ते नावे मांडा, आणि ज्यानं काही दिलं नाही म्हणून सांगितलं, त्याच्या नावापुढंही खरं लिहा. व्यापारी माणसाची एवढी विनंती आहे.