साडेतेहतीस किलोचा नग

आष्टीच्या आठवडी बाजारात काकासाहेबांना काट्याची गरज कधी पडली नाही. बोकडाच्या छातीखाली एक हात, पोटाखाली दुसरा, अलगद उचलायचं आणि सांगायचं, "साडेबावीस." घेणारा आणि विकणारा दोघेही मान डोलावतात आणि विषय मिटतो. वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरले, काकासाहेब बोकडांच्या व्यापारात स्थिरावले, पण हात वडिलांचाच. चाळीस वर्षांत वजनाच्या बाबतीत ते एकदाही खोटं बोलले नाहीत. त्याची घमेंड इतकी, की दवाखान्यातसुद्धा आधी स्वतःचा आकडा सांगतात आणि मगच काट्यावर पाय ठेवतात.

हा माणूस घाबरतो फक्त पाण्याला. पाणी गुडघ्याच्या वर चढेल अशा जागी त्यांनी उभ्या जन्मात पाय टाकलेला नाही. मेंढरं धुवायला नदीवर नेली, की हे काठावर उभे राहून बाकीच्यांना हुकूम सोडायचे.

आणि त्यांच्याच पोटी शिवकन्या! मंठ्याच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका आहे. एका शिबिरासाठी गोव्याला गेली आणि विंडसर्फिंग शिकून आली. म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहायचं आणि वाऱ्याच्या जोरावर समुद्रात पळत सुटायचं. गेल्या सुट्टीत तिने सामान भाड्याने घेतलं, तर ते सगळं धिप्पाड माणसांच्या मापाचं. पाच फुटांची शिवकन्या दिवसभर पाण्यात आपटत राहिली आणि किनाऱ्यावरचे लोक हसत राहिले. म्हणून यंदा तिने आपल्या मापाची फळी आणि शीड जुन्यात विकत घेतलं. ते विमानाने गोव्याला न्यायचं आणि वडिलांनाही बरोबर न्यायचं ठरवलं.

"दादा, एकदा बघा तर खरं, मी काय करते ते."

विमान कंपनीचा नियम होता, एका नगाला बत्तीस किलो. त्याच्या वर नग घेतच नाहीत. आदल्या दिवशी काकासाहेबांनी फळी आणि शीड भरलेला तो लांबलचक नग मध्यावर धरून उचलला आणि निकाल दिला, "एकतीस. बिलकुल बराबर." शिवकन्येने मग दुसरीकडे कुठे वजन करून पाहिलंच नाही.

निघायच्या सकाळी ती चहा पीत असताना काकासाहेबांनी नगाची चेन उघडली आणि टेम्पोची एक ट्यूब, हवा काढून, घडी घालून आत सरकवली. पोरं विहिरीत पोहायला शिकतात तसली. तिच्यासोबत एक दोरही. अडीच किलो वाढलं हे त्यांना कळत होतं. पण बाजारात किलो-दीड किलोचं कुणी मनावर घेत नाही, तसं विमानवालेही घेणार नाहीत, असा त्यांचा हिशेब.

विमानतळावरच्या काट्याने लाल आकड्यांत साडेतेहतीस दाखवलं.

"काका, दीड किलो काढावं लागेल," काउंटरवरची अंतरा नावाची मुलगी म्हणाली. "नाहीतर हा नग जाणार नाही."

शिवकन्येने चेनला हात घातला, तसे काकासाहेब ओरडले, "खोलायचं न्हाई! काटा खोटा हाय!"

आता कोणतीही शहाणी मुलगी म्हणाली असती, दादा, गप बसा. शिवकन्या कंबर कसून अंतराकडे वळली. "ते म्हणतात तर काटा खोटाच असणार. त्यांचा हात चुकत नाही." नग शेजारच्या काट्यावर ठेवला, तिथेही साडेतेहतीस. मग शिवकन्येने रांगेतल्या एका गॉगलवाल्या साहेबांची बॅग मागून घेतली. "दादा, सांगा यांना."

काकासाहेबांना मोह आवरला नाही. "चौदा, वर पाव." काट्यावर चौदा किलो दोनशे साठ. एका बाईंचं गाठोडं उचललं. "नऊ." नऊच! रांगेने टाळ्या वाजवल्या आणि काकासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हणजे हात खरा," साहेब म्हणाले, "आणि काटाही खरा. मग आता तुमचा नग उचला."

सगळी रांग टाचा उंचावून बघू लागली. काकासाहेबांनी नग उचलला. एकतीस म्हटलं असतं तर निम्मी रांग त्यांच्या बाजूने भांडली असती. पण तो आकडा काही केल्या तोंडातून निघेना.

"साडेतेहतीस," ते पुटपुटले.

"मंग घरी एकतीस कसं म्हणलात?" शिवकन्येने विचारलं.

"तवा एकतीसच होतं, बाई."

शिवकन्येने चेन उघडली. काळी ट्यूब सळकन जमिनीवर पडली, मागोमाग दोर. लोक हसायला लागले.

"हे कशाला आणलं?"

"तुला बांधायला," काकासाहेब म्हणाले. "तू समुद्रात जायची अन् मी काठावर नुसता हात हलवत उभा राहू का? भ्या वाटून राह्यलं मला. सांगायची लाज वाटली."

शिवकन्येने ट्यूब उचलून खांद्याला अडकवली. "हात खरा हाय तुमचा, दादा. तोंडावर मातर नजर ठेवावी लागंल."

"दोर राहू दे आत," काकासाहेबांनी घाईने सांगितलं. "बत्तीसच्या आत बसतोय." काट्यावर आलं एकतीस किलो आठशे. अंतराने नगाला चिठ्ठी लावली.

दुसऱ्या दिवशी शिवकन्येच्या मापाचं शीड वाऱ्याने फुगलं. ती एकदाही आपटली नाही. सरळ पाण्यावरून पळाली, लहान लहान होत गेली आणि उन्हाच्या चकाकीत दिसेनाशी झाली.

वळून किनाऱ्याकडे आली, तेव्हा वाटेतच काकासाहेब उभे. धोतर भिजलेलं, छातीपर्यंत पाणी, कमरेत हवा भरलेली ट्यूब. ट्यूबला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक मागे खडकाला पक्कं आवळलेलं. दातांवर दात आपटत होते.

तिने शीड पाण्यात टाकलं आणि फळीवरून उडी मारली. "दादा! तुम्ही इथवर कसे आलात?"

काकासाहेबांनी खाली पाण्याकडे बघितलंच नाही.

"तू दिसंना झाल्ती," ते म्हणाले.