माहीत न्हाई, सर

आमच्या कॉलेजात एक सर आहेत. वारंगा फाट्यावर रोज आम्ही सोबतच गाडीची वाट बघतो. तिथं कुणीही काहीही विचारो, सरांकडं उत्तर तयार. सोयाबीनवर कोणतं औषध मारावं ते सांगतील, अनोळखी माणसाच्या पोरीला स्थळही सुचवतील. 'माहीत न्हाई' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते.

त्यांच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा जवळ आली तेव्हा मार्गदर्शकांनी बजावलं, "उत्तर आलं नाही तर सरळ माहीत नाही म्हणा. थापा मारल्या की परीक्षक सोलून काढतात."

झालं. सरांनी प्रबंध बाजूला ठेवून याच वाक्याचा सराव धरला. स्टाफरूममध्ये मला परीक्षक करून ते हात बांधून उभे राहायचे.

"विचारा काहीबी."

मी विचारलं की ते 'माहीत...' पर्यंत यायचे आणि शेवटी उत्तरच बाहेर पडायचं. बहुतेक वेळा चुकीचं.

"काहून असं होऊन राहिलं?" ते विचारायचे आणि त्याचं कारणही स्वतःच सांगायचे.

परीक्षेला मी मागच्या रांगेत बसलो होतो. परीक्षकांनी अवघड प्रश्न टाकला. सरांनी माझ्याकडं बघून हात बांधले.

"माहीत न्हाई, सर."

परीक्षक खूश झाले. मला मात्र उगीचच गलबलून आलं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर एका म्हातारीनं विचारलं, "नांदेडची गाडी कवा हाय, बाबा?"

"येऊनच राहिली, मावशी. बसा," डॉक्टरसाहेब म्हणाले.

म्हातारी निवांत बसली. आमची गाडी आली तेव्हाही ती बसूनच होती.