मागच्या सीटवरच्या देवरेताई

देवरेताई कुठल्याही गाडीत कधी पुढं बसल्या नाहीत. आमच्या अंबडच्या कारखान्यात मोटरहोम बनायच्या. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर: आत पलंग, गॅसची शेगडी, बेसिन आणि अगदी मागं तिघांची बाकासारखी सीट. गाडी तयार झाली की डिलिव्हरीचं काम बघणाऱ्या देवरेताई पदर खोचून, साडीवर पुरुषी बूट घालून त्या मागच्या सीटवर जाऊन बसायच्या. अंगानं चांगल्या भरलेल्या. ड्रायव्हर आवारात गाडी पळवायचा आणि मागून आरोळी यायची, “मार ब्रेक!” तो कचकन ब्रेक मारायचा. ताई हलल्या पण सीट हलली नाही, तर गाडी पास.

“गिऱ्हाईक गाडी पुढून बघतं,” त्या म्हणायच्या. “स्टेअरिंग, स्क्रीन, गाणी. मागं कोण बसतं? म्हातारी माणसं आणि पोरं. त्यांची चौकशी कोण करतं? मी.”

मी येवल्याची. आई-वडील दोघं पैठणीच्या मागावर बसायचे. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. कारखान्यात ग्राहकांचे फोन घ्यायची नोकरी लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी ताईंनी विचारलं, “शिक्षण काय गं?”

“बी.कॉम.,” मी मान वर करून म्हणाले.

“मान अशीच ठेव. इथं खाली घालायला लावणारे लय आहेत.” तेव्हापासून त्या मला नावानं हाक मारीनात. “ए बी.कॉम., चहा सांग.” “ए बी.कॉम., आज डब्यात काय?” दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला झोंबलं असतं. त्यांच्या तोंडी ते मानाचं वाटायचं.

नम्रपणा त्यांच्या गावीही नव्हता. शेठच्या तोंडावर म्हणायच्या, “मी नसते ना शेठ, तर तुम्ही अजून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्याच विकत बसला असता.” शेठ हसायचे, कारण ते खरंही होतं. ताई मूळच्या देवळ्याकडच्या. एरवी बोलणं आमच्यासारखंच, पण डोकं फिरलं की अहिराणी सुटायची, आणि ती सुटली की वेल्डरसुद्धा मशीन बंद करून ऐकायचे.

त्या वर्षी दसऱ्याला गाड्या मागणारे खूप होते. दसऱ्यालाच गाडी हवी, दुसऱ्या दिवशी फुकट दिली तरी नको, अशी आपली माणसं. गाड्या कशाबशा सकाळी तयार झाल्या आणि गुरुजी वेळेआधी येऊन बसले, त्यांना पुढं आणखी तीन दुकानांत पूजा होत्या. शेठ म्हणाले, उरकून घ्या. हार चढले, चाकांखाली लिंबं गेली, नारळ फुटले. एकदा पूजा झाली की गाडी घेणाऱ्याच्या घरच्यांआधी तिच्यात कुणी बसायचं नाही, असा आमच्याकडे दंडक. ताई बूट घालून तयार उभ्या होत्या. त्यांनी हाराकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि मागं सरकल्या. त्या गाड्या त्यांच्या बसण्याशिवाय गेल्या.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा त्यातली एक गाडी परत आली. इंदिरानगरचे एक निवृत्त मास्तर, मोठे हसतमुख. म्हणाले, “ताई, कसारा घाटात ब्रेक मारला आणि तुमची मागची सीट आमच्या भेटीला पुढं आली हो! नशीब, वर नुसत्या गाद्या होत्या.”

ताई हसल्या नाहीत. तशाच गाडीखाली शिरल्या. सीटचे बोल्ट फ्लोअरखालच्या लोखंडी पट्टीत आवळलेले असतात. तिथं पट्टीच नव्हती. चारही पाय नुसत्या प्लायवूडला स्क्रूनं ठोकलेले. फोरमनला बोलावलं. तो म्हणाला, “पट्ट्या आल्या नव्हत्या ताई. दसरा चुकला असता. शेठ म्हणले, तात्पुरतं बसव, नंतर पक्कं करू.”

“सगळ्या गाड्यांना?”

“दसऱ्याच्या सगळ्याच,” तो म्हणाला.

शेठच्या केबिनचं दार ताईंनी मुद्दाम उघडं ठेवलं. आम्ही सगळे ऐकत होतो.

“करू ना पक्कं,” शेठ म्हणाले. “दिवाळीनंतर एकेकाला बोलवा. फ्री सर्व्हिसिंग आहे म्हणा. गाडी धुऊन देऊ, आत आपलं काम करून घेऊ. कुणाला कळायचंही नाही.”

“दिवाळीनंतर? अहो, गाड्या घेतल्यात कशाला लोकांनी? दिवाळीच्या सुट्टीत फिरायलाच ना? आणि फराळ सोडून गाडी धुवायला कोण येतंय? सीट निघतेय म्हटलं तरच येतील.”

“ताई, गाडीवर नाव माझं आहे.”

“आणि सीटवर पोरं त्यांची आहेत.”

“पूजा करून दिलेल्या गाड्या आहेत. लोक काय म्हणतील?”

“हारानं बोल्ट आवळले जात नसतात शेठ! मीही त्या दिवशी हाराला भ्याले, न बसता गाड्या सोडल्या. आता नाही भ्यायची. माले काय भ्याव शे?”

बाहेर येऊन त्या माझ्या टेबलावरच बसल्या. “ए बी.कॉम., लाव नंबर. स्पीकरवर टाक.”

“काय सांगायचं?”

“जे आहे ते. मागच्या सीटवर कुणाला बसवू नका, ती नीट बसवलेली नाही, चूक आमची आहे, गाडी परत आणा. यातला एक शब्द गिळायचा नाही.”

मी फोन लावत गेले. एकानं शिव्या घातल्या. एक बाई म्हणाल्या, “लक्ष्मीपूजनाला गाडी दारात नको? अपशकुन करता का?” ताई फोनकडे वाकून म्हणाल्या, “वहिनी, लक्ष्मीला पुढच्या सीटवर बसवा, पण गाडी आणा.” त्या बाई हसल्या, आणि आल्यासुद्धा.

एका गाडीवाल्यांचा फोन लागेना. ते कुटुंब सकाळीच गोव्याला निघालं होतं. मी नवऱ्याचा नंबर लावत राहिले, मग बायकोचा. अखेर तिनं उचलला. मागून मुलांचा दंगा ऐकू येत होता.

“पोरं कुठं बसलीत?” ताईंनी विचारलं.

“मागच्या सीटवर.”

“पुढं घ्या त्यांना. आत्ता. आणि गाडी कडेला घ्या.”

नवऱ्याचा आवाज आला, “अहो बाई, आल्यावर बघू. सुट्टीची वाट लावू नका. माझं बुकिंग आहे पुढं.”

मला वाटलं, आता अहिराणी सुटणार. पण ताईंचा आवाज एकदम खाली आला. इतका हळू मी तो कधीच ऐकला नव्हता. “भाऊ, दोन मिनिटं थांबा. मागं जा. दोन्ही हातांनी सीट वर ओढा. नाही हलली तर मला पोटभर शिव्या द्या, मी ऐकून घेते. फोन ठेवणार नाही.”

ब्लिंकरची टिकटिक ऐकू आली. दार उघडल्याचा आवाज. पोरांना कुणीतरी खाली उतरवलं. कारखान्यातलं एकही मशीन चालू नव्हतं. केबिनच्या दारात शेठ येऊन उभे राहिले होते.

“ताई,” फोनमधून तो माणूस म्हणाला. “हातात आली हो.”

ताईंनी डोळे मिटले. मग जोरात म्हणाल्या, “तिथंच थांबा. तुम्हाला न्यायला दुसरी गाडी पाठवते. भाडं कारखाना देईल.” शेठकडे त्यांनी बघितलंही नाही.

सगळ्या गाड्या परत आल्या, सगळ्यांना पट्ट्या लागल्या. मास्तरांनी तर आम्हाला चिवडा आणून दिला. दोन जणांनी मात्र गाडी नकोच म्हणून सांगितलं, आणि बाजारात व्हायची ती चर्चा झाली. दिवाळीनंतर शेठनी ताईंना सांगितलं, आता तुम्ही आराम करा. बातमी बाहेर अशी गेली की देवरेताई तब्येतीमुळे काम सोडताहेत.

निरोपाचा कार्यक्रम आवारातच झाला. शाल, नारळ, पेढे. डीलर आले होते, काही ग्राहकही होते. शेठ माइकवर म्हणाले, “प्रकृतीच्या कारणानं ताई आपल्यातून जात आहेत...”

“माझी प्रकृती ठणठणीत आहे,” ताई माइकशिवायच म्हणाल्या. शाल त्यांनी खुर्चीवर ठेवून दिली. “मला काढलंय. का काढलं, ते या पोरीला विचारा. फोन तिनंच लावले होते.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरी माझ्या पगाराची वाट बघणारी माणसं होती, हे ताईंना माहीत होतं. तरी त्यांनी मलाच पुढं केलं. मला त्याचा राग आला नाही, आजही येत नाही. त्यांनी मला त्या लायकीची समजलं, एवढंच मला दिसलं.

मी उठले. पट्ट्यांपासून सुरुवात केली. दसरा, पूजा, प्लायवूड, केबिनमधली फ्री सर्व्हिसिंग, सगळं ओळीनं सांगत गेले. डीलर एकमेकांकडे बघू लागले. गोव्याच्या वाटेवरच्या त्या मुलांपर्यंत मी आले, तेवढ्यात शेठनी माइक खाली ठेवला.

“झालं का सांगून?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “अजून आहे.”